चिठ्ठीच्या पाठीवरचे शिक्के

त्या औषधांच्या दुकानदाराला सगळे 'तारीखराव' म्हणत, आणि ही पदवी त्याने स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवली होती. गिऱ्हाईक खोकून खोकून बेजार झालं तरी हा आधी बाटली उजेडात धरणार, तिच्यावरची तारीख वाचणार, मगच देणार. पंचवीस वर्षांत आपल्या दुकानातून मुदत संपलेली एक गोळी बाहेर गेली नाही, हे तो कुणी न विचारताच सांगायचा.

रविवारी मुलगी आणि जावई आले होते. मुलगी चार दिवस राहणार होती. तिची स्कूटर दारात आडवी होती, म्हणून तारीखरावाने किल्लीसाठी तिच्या पर्समध्ये हात घातला. हाताला लागली चार घड्यांची डॉक्टरांची चिठ्ठी. घड्यांवर कागद पार विरला होता. गोळीचं नाव वाचायला त्याला चष्मा लागला नाही. घबराटीवरची, झोपेवरची ती गोळी. पूर्वी महिन्याकाठी दोघा-तिघांना लागायची, आता दिवसाला दहा-बारा जण मागायचे. पण आपल्या मुलीला? तिला काय कमी होतं?

त्याने चिठ्ठी खिशात घातली आणि जेवायला बसला. आता त्याला सगळीकडे पाणी मुरताना दिसायला लागलं. जावयाने मुलीकडे न बघता पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. का नाही बघितलं? मुलीचा फोन वाजला, तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा निरोप होता, आणि तिने घास तसाच ठेवला. रविवारी कसले निरोप पाठवतात या बाई? पण खरा दात होता तो डॉक्टरवर. औषध कंपन्यांची माणसं बॅगा घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या कशाला झिजवतात, हे तारीखरावाला कुणी शिकवायला नको होतं. त्यांची पाचही बोटं तुपात, आणि पोरी मात्र गोळ्यांवर!

"सरळ तिलाच विचारा ना," बायको हळूच म्हणाली.

"आधी पुरावा," तारीखराव म्हणाला. स्वतःच्या पोरीशी दोन शब्द बोलायला त्याला पुरावा हवा होता.

सोमवारी तो दवाखान्यात थडकला. डॉक्टरीणबाईंनी त्याला पाच मिनिटं ओरडू दिलं.

"तुम्ही वडील असलात तरी माझ्या पेशंटबद्दल मी तुमच्याशी बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या हातातला कागद तुम्हाला वाचता येतो. किती दिवसांच्या गोळ्या लिहिल्यात?"

"दीड महिन्याच्या."

"आणि तारीख?"

तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

"आता उलटा करा."

मागे दुकानाचे शिक्के होते, एकाला एक लागून. गोळ्या देताना दुकानदार मारतो तसले. तारीखरावाने मोजले. बावीस भरले. सगळे एकाच दुकानाचे.

"आणि एक लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या, "गोळ्या हिसकावून घेऊ नका. इतक्या दिवसांनी एकदम बंद केल्या तर फार हाल होतात. तिला घेऊन या, मी हळूहळू कमी करीन."

पण तारीखराव जिना उतरलासुद्धा होता. गुन्हेगार सापडला होता. बसस्टँडजवळचं ते दुकान मिशीवाल्याचं, त्याच्याच वर्गातल्या जुन्या मित्राचं. दुकानदारांच्या सभेत वर्षाकाठी भेट व्हायची, तेवढीच.

"लेका, दीड महिन्याच्या चिठ्ठीवर दोन वर्षं गोळ्या देतोस?" त्याने चिठ्ठी काउंटरवर आपटली. "माझी मुलगी आहे ती!"

मिशीवाल्याचा चेहरा उतरला. "तुझी? शप्पथ, मला ठाऊक नव्हतं रे. हेल्मेट घालूनच यायची. 'घाईत आहे काका' म्हणायची. मी नाही दिल्या तर दुसरा देतो, हे तुलाही माहीत आहे. तू काय परत पाठवतोस लोकांना?"

"मी तारीख बघितल्याशिवाय माल देत नाही!"

"हो, खोक्यावरची."

हे वर्मी लागलं, म्हणून तारीखरावाचा आवाज आणखी चढला. आता मिशीवालाही तापला. "माझ्यावर काय डाफरतोस? दोन वर्षं पोरगी गोळ्या खातेय आणि बापाला पत्ता नाही? माझ्या घरात असं असतं ना, तर मला आठवड्यात कळलं असतं!"

तेवढ्यात मागच्या दारातून एक बाई त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली.

"ही आमची मंडळी," मिशीवाला आवाज खाली आणत म्हणाला. "तुमची कधी गाठ पडली नसेल."

तारीखरावाने तिच्याकडे बघितलं आणि तिला ओळखलं. निळ्या काड्यांचा चष्मा, हनुवटीवर तीळ. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती त्याच्या दुकानात यायची. गर्दी सरेपर्यंत टोकाला उभी राहायची आणि मग एक मऊ पडलेली चिठ्ठी पुढे करायची. तीच गोळी. तो "बऱ्या आहात ना ताई?" असं विचारायचा, उत्तराची वाट न बघता शिक्का मारायचा आणि पाकीट द्यायचा. तिच्या चिठ्ठीवरची तारीख त्याने एकदाही वाचली नव्हती.

तिने डबा घट्ट धरला होता. तिने एकदाच त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात एवढी विनवणी होती की त्याला तिथे उभं राहवेना.

"नाही," तारीखराव म्हणाला. "गाठ नाही पडली."

त्याने चिठ्ठी उचलली आणि तो निघाला. मागून मिशीवाला "अरे, पाणी तरी पी" म्हणत होता. रस्ताभर त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

घरी मुलगी पलंगावर बसली होती. पर्समधलं सगळं चादरीवर पसरलेलं होतं, आणि ती पर्सचं अस्तर उलटं करकरून बघत होती. त्याने चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली. ती जागच्या जागी थिजली.

जावयाचं, शाळेचं विचारायचं त्याने घोकून ठेवलं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

"बापाचं दुकान असताना माझ्याकडे का नाही आलीस गं?"

"तुम्ही दिल्या असत्यात?"

"छे! कधीपासून त्रास होतोय, कशाने होतोय, डॉक्टरांकडे परत का गेली नाहीस, सगळं विचारलं असतं. हाताला धरून नेलं असतं तुला."

"बाबा, असं सगळ्यांना विचारता तुम्ही?"

तारीखरावाने चिठ्ठी उलटी केली आणि शिक्क्यांवरून बोट फिरवलं.

"नाही," तो म्हणाला. "फक्त तुलाच विचारलं असतं."