गंगाबाईचं वाक्य

"गंगाबाई हॅज नॉट ईटन सिन्स फ्रायडे," लक्ष्मीप्रियानं वाचलं. "हे कुठल्या गटात घालूं, टीचर?"

शेषम्मांनी चष्मा पुसला. "पुन्हा वाच."

शेजारच्या घरातली ही बारावीची मुलगी. तिनं पुन्हा वाचलं.

"पुस्तक कुठलं?"

"पापनाशमच्या ट्युटोरियलचं, मी शिकवणीला जातें तिथलं. सगळ्यांना दिलं."

मुखपृष्ठावर कोट घातलेला प्रणवेश होता. शेषम्मांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. लेखक म्हणून त्याचंच नाव होतं.

शेषम्मांनी तंजावूरच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. व्याकरणाच्या पुस्तकांत नियम आधी येतो आणि वाक्य त्याच्या मापानं बेतलेलं असतं, हे त्यांना पटत नसे. माणसं खरोखर कशी लिहितात ते पाहायला त्यांनी अकरा वर्षं वर्तमानपत्रं, सरकारी पत्रं आणि नोकरीचे अर्ज चाळले. 'हॅव', 'हॅज', 'हॅड' असलेलं वाक्य सापडलं की लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर उतरवायचं, कोपऱ्यात तारीख. बातमी पहिल्या ओळीत 'हॅज' वापरते आणि वार आला की सोडून देते. अर्जदार मात्र शेवटपर्यंत 'हॅव' सोडत नाही. अशी दोन हजार एकशे चाळीस कार्डं झाली. एखादा नमुना मिळाला नाही, तर शेषम्मा घरातलंच वाक्य लिहीत. गंगाबाई त्यांची आई. ते कार्ड लिहिलं तो तिचा शेवटचा आठवडा होता.

पोंगलला प्रणवेश कार्डांचे डबे घेऊन गेला. "पुस्तक काढूं, मावशी. वर तुझं नाव." नाव कसं छापायचं तेही शेषम्मांनी कागदावर लिहून दिलं होतं.

त्यांनी फोन लावला.

"क्लासमध्ये आहे, मावशी."

"पुस्तक पाहिलं."

"सांगणारच होतों. ट्युटोरियलवाल्याचं नाव असलं तर पोरं उघडून तरी बघतात. आत आहे की, कुटुंबातल्या थोरांचे आभार."

"थोर कोण?"

"तूच की. आणि इंग्रजी वाक्यं काय कुणाच्या अप्पाची असतात?"

"त्रेचाळिसाव्या पानावर गंगाबाई आहे. ती कोण?"

"कोण जाणे. टाइप करणाऱ्या बाईनं घातली असेल. दोन हजार वाक्यं वाचत कोण बसतं?"

"तुझी आजी, प्रणव."

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत राहिला.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "पुढच्या छपाईत काढून टाकतों."

शेषम्मांनी फोन खाली ठेवला. लक्ष्मीप्रिया पान उलटायला लागली.

"हे सोडून देऊं, टीचर?"

"नको. नकाराच्या गटात घाल. आणि पुस्तक आज इथं ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुस्तक परत मिळालं. पानोपानी समासात पेन्सिलीनं बारीक तारखा होत्या. काही ठिकाणी वर्तमानपत्राचं पानही दिलं होतं. आठवलं नाही तिथं जागा कोरी सोडली होती. लक्ष्मीप्रियानं शेषम्मांचं नाव कुठं दिसतं का पाहिलं. नव्हतं.

त्रेचाळिसाव्या पानावर गंगाबाईच्या वाक्यासमोर दोन तारखा होत्या. एक कार्डाच्या कोपऱ्यातली. तिच्याखाली, तीन दिवसांनंतरची दुसरी.