पुसलं तरी परत येणारी केळवणं

गुरुवारी दुपारी बरोबर चार वाजता श्रावणीच्या दप्तरात फोन वाजला, बैठकीत आईचा वाजला, आणि आतल्या खोलीत गंधालीताई कामावरून लवकर येऊन दार लोटून पडली होती, तिथं तिचाही वाजला. तिन्ही फोनांवर एकच ओळ: आज केळवण. लताकाकू, तात्यापारा. संध्याकाळी सात.

हे केळवण श्रावणीनं तीनदा पुसलं होतं. सोमवारी एकदा, मंगळवारी एकदा, आणि बुधवारी शाळेच्या बसमध्ये दातओठ खात एकदा. पुसलं की गुपचूप जायचं. दुसऱ्या दिवशी पाहावं तर पुन्हा आपल्या जागी हजर, हाकललेली मांजर मागच्या दारानं येऊन ओट्याखाली बसते तसं.

आतून गंधालीताईचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

"श्रावणी, तू म्हणाली होतीस साफ केलं म्हणून."

"केलं होतं नं ताई. आईशप्पथ. परत येऊन राहिलं ते."

"मग आता मी काय करू? जाऊन जेवू?"

हा सगळा पसारा श्रावणीचाच होता. सप्टेंबरात लग्न ठरलं तेव्हा हिनंच मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं की या घरात कागदाची यादी होणार नाही. बाबांच्या कॉम्प्युटरवर बसून तिनं एक कॅलेंडर बनवलं, त्याला नाव दिलं 'लग्नघर', आणि रायपूर, दुर्ग, भिलाई, नागपूर इथले अठ्ठावन्न नातेवाईक त्यात घातले. कोणाकडे केळवण कधी, हळद कधी, सीमांतपूजन कधी, सगळं सगळ्यांच्या फोनात. एकाच दिवशी दोघींनी वरण चढवलं असं होणार नाही. अकरावीतली पोट्टी, पण मावश्या-आत्या तिला फोन करून विचारायला लागल्या, "काय गं, पंधरा तारीख खाली आहे काय?" आजवर लग्नकार्यात जिला फक्त पाण्याचे ग्लास फिरवायला बोलवत, तिला आता तारखा विचारत होते. श्रावणीची मान तेव्हापासून दोन इंच वर होती.

आणि मग गेल्या रविवारी अभिनवचा फोन आला. नागपूरचा मुलगा, चांगला शिकलेला, दिसायला बरा. म्हणाला, कंपनी दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवते आहे, एकट्याला. लग्नाचं परत आल्यावर पाहू. गंधालीताईनं पाच मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाहू नको. संपलं." अंगठी काढून तिनं आईच्या कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी शंकर नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला गेली. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचं तिचं काम. ते तिनं एक दिवसही चुकवलं नाही.

पण बाबांनी ते संपलं असं मानलंच नाही. स्थळ आणलं होतं यशवंतरावांनी, बाबांच्या जुन्या ओळखीचे. ते म्हणाले, "शिशिरराव, आठ दिवस द्या मले. पोराले मी समजावतो. तोवर कोणाजवळ बोलू नका." आणि बाबांनी शब्द दिला.

आणि केळवणं रांगेत होती आठ, पहिलं गुरुवारी.

मुलीला लग्नाआधी घरी बोलवायचं, गोडधोड करायचं, ओटी भरायची, हातात साडी ठेवायची. एरवी केवढं लाडाचं. पण लग्न मोडल्यावर, आणि मोडलंय हे सांगायची बंदी असताना, लोकांच्या पाटावर बसून पुरण गिळायचं? गंधालीताईनं रविवारी रात्रीच सांगितलं होतं, "बाकी काय करायचं ते करा. मले केळवणाले नेऊ नका."

तेव्हा बाबांनी श्रावणीकडे पाहिलं होतं. "तूच बनवलं नं ते? मग पुढं ढकल सगळे. कारण लिहू नको."

"हव बाबा. पाच मिनिटांचं काम आहे," असं ती म्हणाली होती. त्या पाच मिनिटांना आता चार दिवस होत आले होते.

साडेचारला लताकाकूंचा फोन आला. बाबांच्या चुलतभावाची बायको, तोंडानं फटकळ, हाताला चव. आईनं स्पीकरवर घेतला.

"मीरा, सातला येऊन राहिले नं? त्या मोबाईलात तुमचं केळवण दोनदा दाखवून राहिलं. एक आजचं, एक रविवारचं. मी म्हणलं, पोट्टीची हौस असन, दोनदा जेवू घालते. आज वडाभात केला आहे, रविवारी पुरणपोळी."

आईनं श्रावणीकडे असं पाहिलं की श्रावणीला ओट्याखालच्या मांजरीशेजारी जागा शोधावीशी वाटली. पुसण्याआधी श्रावणीनं ढकलून पाहिलेलं केळवण रविवारी जाऊन बसलं होतं, आणि मूळचं गुरुवारीही तसंच होतं. एकाची दोन झाली होती.

"वहिनी, आज जरा गंधालीची तब्येत..." आईनं सुरुवात केली.

"तब्येतीले काय झालं? वडे तळून झाले माझे. ताक पिऊन बसन ती. या मुकाट्यानं."

गेले. काय करतील? रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या चिंचोळ्या घरात पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती, आणि उदबत्तीचा धूर थेट ताईच्या तोंडावर येत होता. लताकाकूंनी वडाभातावर तेलाची धार सोडली, ताईच्या ओटीत नारळ घातला आणि शेजारच्या दोघींना हाक मारून बोलावून घेतलं.

"चल, नाव घे आता. त्याशिवाय उठू देत नाही."

"काकू, घसा बसला आहे," ताई म्हणाली.

"घसा बसला तर हळू घे. आम्ही कान देतो."

दोघी शेजारणी हसल्या. ताई पानाकडे पाहत राहिली. आई पदराशी चाळा करत होती, बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. श्रावणीला ते सहन झालं नाही.

"काकू, मी घेऊ का? माझ्याकडं पाठ आहेत चार."

"तू कोणाचं घेशील बाई?"

"तुमच्या वड्यांचं."

हशा झाला आणि वेळ निभावली. पण ताईनं भात चिवडला आणि अर्धा पानात ठेवला, आणि लताकाकूंच्या घरी पानात टाकलेलं कोणाला माफ नसतं. "डाएट करून राहिली काय? आता काय गरज, ठरलं नं सगळं," असं त्या म्हणाल्या तेव्हा ताईनं पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ तोंडाला लावून धरला.

घरी येताना दोघी बहिणी स्कूटीवर होत्या, ताई पुढे. सिग्नलला थांबल्यावर ती मागं न वळता म्हणाली, "अजून एक केळवण झालं नं श्रावणी, तर मी तिथंच पाटावर बसून सगळं सांगून टाकीन. मग बाबांचा शब्द गेला उडत. अन् मले तसं नाही सांगायचं. रडत, लोकांचं जेवण पुढं घेऊन, तसं नाही."

"उद्या करते ताई. खरंच."

हिरवा दिवा लागला.

शुक्रवारी श्रावणी शाळेतून आली ती चपला न काढता बाबांच्या कॉम्प्युटरसमोर बसली. आधी फोनवर उरलेली सातही केळवणं पुसली. मग कॉम्प्युटर चालू केला आणि फोन शेजारी ठेवून डोळे ताणून पाहत बसली. तीन मिनिटं काही नाही. मग एकेक करत फोनात केळवणं उगवायला लागली. आत्या, दुर्ग. मामी, भिलाई. सगळी.

तेव्हा कुठं तिला उमगलं. बाबांच्या कॉम्प्युटरमधला तो जुनापुराणा प्रोग्राम स्वतःजवळ एक प्रत राखून होता. बाबा सिलतऱ्याहून कारखान्याच्या बसनं येत, हातपाय धुऊन कॉम्प्युटर लावत, आणि त्या शहाण्याला दिसे की वर क्लाउडवर काही केळवणं कमी पडली आहेत. मग तो बिचारा इमानदारीनं आपल्याजवळची वर चढवे, आणि वरून ती सगळ्यांच्या फोनात उतरत. ही पोरगी चार दिवस बादली उपसत होती, आणि नळ बाबा रोज संध्याकाळी स्वतः सोडत होते.

कॉन्टॅक्टांचंही तसंच. बाबांनी अभिनवचा नंबर 'जावईबापू' म्हणून ठेवला होता. आता तिथं तीन जावईबापू होते. एक पुसला की दोन उरत, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तीन होत.

ठीक. मग मुळावरच घाव घालायचा. तिनं कॉम्प्युटरवरच भिलाईच्या मामींचं केळवण निवडलं आणि डिलीट दाबलं. समोर पाटी आली: निमंत्रितांना कळवायचं? कळवा. कळवू नका.

तिनं 'कळवू नका' दाबलं. तिच्या फोनातून गेलं. ताईच्या फोनातून गेलं; दोघींच्या फोनांत बाबांचंच खातं होतं. श्रावणीला नाचावंसं वाटलं. मग आईचा फोन उचलून पाहिला, आईही निमंत्रितांत होती. तिथं केळवण तसंच बसलेलं. म्हणजे मामींच्या फोनातही तसंच असणार, आणि मामी उद्या श्रीखंडाचा चक्का टांगणार.

श्रावणीनं कपाळ कीबोर्डवर टेकवलं. स्क्रीनवर ओळभर जजजज उमटले.

बाबा आले तेव्हा ती तशीच बसली होती. तिनं त्यांना सगळं समजावलं, दोनदा, कारण पहिल्यांदा त्यांनी 'क्लाउड म्हणजे नेमकं कुठं' असं विचारलं.

"म्हणजे गुपचूप काढताच येत नाही?"

"आपल्या घरातून येतं बाबा. लोकांच्या घरातून नाही येत. त्यांच्याकडून काढायचं तर त्यांना मेसेज जाईन, केळवण रद्द म्हणून. मग सात जणी फोन करतील, काहून रद्द. त्या सात जणींना आपण सात कारणं सांगू?"

"दोन दिवस कळ काढ. यशवंतराव बोलून राहिले त्याच्याशी. मी शब्द दिला आहे त्यांना."

"दोन दिवसांत दोन केळवणं आहेत बाबा."

दारात ताई उभी होती. दवाखान्यातून आत्ताच आलेली, खांद्यावर पर्स तशीच. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"ते तुमच्या यशवंतरावांना खाऊ घाला," ती म्हणाली. "शब्द त्यांना दिला, तर जेवायलेही त्यांनीच जावं."

"गंधाली, तुझ्या भल्यासाठीच..."

"बाबा, यशवंतराव कोणाशी बोलून राहिले? अभिनवशी. माझ्याशी कोण बोललं? तो उद्या हव म्हणाला तरी मी नाही म्हणणार आहे. हे मी रविवारी सांगितलं. परत सांगते. तुम्ही पुसता अन् ते परत येतं, कारण तुम्हीच ते ठेवून बसले."

बाबा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. पंचावन्न वर्षांचा माणूस, प्रयोगशाळेत लोखंडाचे नमुने तपासणारा, कोणी उलट बोललं की कानामागं खाजवणारा. त्यांनी कान खाजवला. आई हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली.

"ऊठ, श्रावणी," ताई म्हणाली.

श्रावणी उठली, ताई बसली. केळवणांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. डिसेंबरचं पान काढलं, पहिल्या रविवारी 'गंधाली–अभिनव शुभविवाह' असं श्रावणीनंच लाल रंगात लिहिलं होतं, त्यावर टिचकी मारली आणि डिलीट दाबलं. तीच पाटी आली. अठ्ठावन्न निमंत्रितांना कळवायचं? खाली दोन शब्द लिहायला एक रिकामी चौकट होती.

"ताई, त्यात लिहिलं तर सगळ्यांना जातं," श्रावणी हळूच म्हणाली. "परत नाही घेता येत."

"हे तरी परत येत नाही नं? मग चांगलं आहे."

तिनं दोन बोटांनी, सावकाश टाइप केलं. तिघंही मागून वाचत होते. 'हे लग्न होणार नाही. मी ठरवलं आहे. केळवणांची तयारी करू नका, ज्यांनी केली त्यांची माफी. काही विचारायचं असेल तर मला फोन करा, आईबाबांना नको. गंधाली.'

मग ती थांबली आणि बाबांकडे वळली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"माफी कायले?" ते म्हणाले. "तू काय केलं?"

ताईनं माफीचं तेवढं खोडलं. 'कळवा' दाबलं.

मिनिटभर घरात काहीच वाजलं नाही. मग आईचा फोन टिणटिणला, मग श्रावणीचा, तोच मेसेज त्यांच्याच घरात फिरून आलेला. आणि मग ताईचा फोन लागला वाजायला. लताकाकू. श्रावणीचा हात आपोआप पुढं गेला, पण ताईनं स्वतः उचलला.

"हव काकू. खरं आहे... हो, काल माहीत होतं मला... नाही, घसा बसला नव्हता."

पलीकडून लताकाकूंचा आवाज खोलीभर ऐकू आला, स्पीकर नसूनही. "मग काहून नाही बोलली गं पोट्टी? मी नाव घ्यायले लावून राहिली, अन् तू मुकाट बसली. माझीच मले लाज वाटते आता."

"तुमची चूक नव्हती काकू. मले सांगूच दिलं नव्हतं. आता सांगते. बसा, जरा वेळ लागेल." फोन कानाला लावून ती बाहेरच्या वऱ्हांड्यात गेली. मागून दुसरा फोन यायची टिकटिक ऐकू येत होती, आणि तिसऱ्याची.

श्रावणीनं खुर्चीत बसून त्या जुन्या प्रोग्रामला सगळीकडून तोडायला घेतलं. पासवर्ड तिनं दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा टाकताना तिला बाजूला बाबांचा आवाज आला. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते, फोन कानाला.

"यशवंतराव, शिशिर बोलतो. तुम्हालेही गेला असन मेसेज... हो. पाठवला तेव्हा मी समोरच होतो." मग त्यांनी कानामागं खाजवलं. "नाही. आता नका बोलू त्याच्याशी. पोरगी नाही म्हणते."