कोमोराने कलू न दिलेला खुंटा

मित्रांनो, मी ताना नदीच्या काठावरचा जुना खुंटा आहे, होड्या बांधायचा. आमच्या गावातल्या कोमोराने मला चिंचेच्या जाड फांदीतून तासून काढलं, तेव्हा नदी घरांपासून लांब होती.

पुढे वरच्या डोंगरांतली झाडं तुटली. गाळ उतरला, पलीकडच्या पात्रात वाळूची बेटं उठली आणि प्रवाह आमच्या अंगावर आला. केळीच्या बागा गेल्या. आमच्या गावाचा रिवाज असा, की खुंटा कलला म्हणजे काठ खचतोय, घरं मागे हलवायची. त्यामुळे माझा मान काय विचारता! बायका जाता-येता मला हात लावायच्या.

पण या खेपेला कोमोराने मला कलू दिलं नाही. माझ्या मागेच त्याच्या बायकोची कबर होती. गाव हललं की ती एकटी पडणार. तो रोज पहाटे यायचा, माझ्या बुंध्याशी दगड ठोकायचा आणि कबरीकडे बघून म्हणायचा, "झोप गं तू निवांत."

मी ताठ, म्हणून गाव निर्धास्त. आणि माझ्याखालची माती कुणीतरी चघळत होतं. आधी हळू, मग रात्रंदिवस. एके दिवशी माझं टोक गार पडलं. खाली मातीच उरली नव्हती. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. फार भीती वाटायची.

एका दुपारी कोमोरा कबरीपाशी बसला असताना त्याची सून हवाये होडी सोडायला आली. दोर धरून थबकली.

"मामंजी, हा थरथरतोय."

"वारा असेल."

"पान तरी हलतंय का कुठं?"

"खुंटा सरळ आहे ना? मग जीभ आवर."

तिने ऐकलं नाही. मला मिठी मारून हिसडा दिला. मी हलत्या दातासारखा अलगद वर आलो. दगड डुबुक डुबुक खाली गेले. त्या भोकातून उजेड उतरला आणि दोघांना आपल्या पायांखाली वाहतं पाणी दिसलं.

कोमोराचा चेहरा राखेसारखा झाला. "पोरी, मागे हो," तो पुटपुटला. "सगळ्यांना हाक मार."

संध्याकाळपर्यंत घरं रिकामी झाली. अंधारायच्या आत दरड कोसळली, कबरीसकट. माणूस मात्र एकही गेला नाही.

आता हवायेने मला नव्या वस्तीत रोवलंय. मित्रांनो, मी पडलो तर पळाच; पण मी उभा आहे म्हणून निजू नका. खाली वाकून माती बघत जा. मला ताठ ठेवायला दगड ठोकणारा कुणी दुष्मन नव्हता, घरातलाच माणूस होता, आणि तो रडत रडत ठोकत होता.