साठ वर्षं न पकडलेली थाप

“आता जे सांगतो, ते दर्यापुरात कोनी खरं मानणार नाही,” असं म्हणत देवरावांनी तुरीची शेंग अंगठ्यानं उकलली आणि दाणे नातीच्या सुपात टाकले. “त्र्याऐंशी सालची गोष्ट. मी कंडक्टर. अकोल्याच्या गाडीत एक बैल चढला. म्हटलं, बाप्पा, चार पायाचा पॅसेंजर, डबल तिकीट लागते. बैलानं शिंगात खोचलेली नोट देल्ली, उरलेले पैसे मोजून घेतले, अन् वलगावले उतरून गेला.”

“हूं,” नीलम म्हणाली.

देवराव थबकले. एसटीतून निवृत्त होऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. थापांतून ते अजून निवृत्त झाले नव्हते. प्रत्येक थापेत ते मुद्दाम एक खिळा ढिला ठेवत, आणि तो हुडकण्यात नीलमचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. सहा वर्षांची असताना तिनं एका लग्नात, भर पंगतीत, त्यांना तोंडघशी पाडलं होतं. तिच्या दहावीच्या टक्क्यांपेक्षा ती गोष्ट ते जास्त ऐटीत सांगत. वलगाव अमरावतीच्या रस्त्यावर आहे, अकोल्याच्या नाही, हे शेजारच्या बकरीलाही ठाऊक. बैल एक वेळ तिनं सोडला असता. वलगाव सोडणं शक्य नव्हतं.

“वलगावले,” ते पुन्हा म्हणाले.

“हूं.”

ललिता, त्यांची सून, डबा पुसत अंगणात आली. बाराच्या जीपनं नीलम अकोल्याला, क्लासच्या होस्टेलवर परत जाणार होती. कालपासून ललिताचे पाय जमिनीवर नव्हते.

“मामाजी, काल पौर्णिमेले विहारात याले पाह्यजे होतं तुमी. पोरीनं आपली सारी पुस्तकं वाचनालयाले दान केली. गोष्टीचीसुद्धा! साऱ्या बाया मले म्हणे, ललिताबाई, पोट्टी घडवावी तं अशी.” मग आवाज थोडा उतरवून ती म्हणाली, “दिवाळीत कशी चिडचिड करे, जेवे नाही, झोपे नाही. आता पाहा, कशी शांत झाली.”

देवरावांनाही अभिमान वाटलाच होता. सकाळी दूध आणायला गेले तेव्हा दोघांना थांबवून त्यांनी ही बातमी सांगितली होती.

तेवढ्यात शेजारची चंदा फाटकातून हात उंचावत ओरडली, “आबा, पाहा! नीलमताईनं देल्लं!”

तिच्या मनगटावर निळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं. दहावीच्या निकालाला देवरावांनी स्वतः अमरावतीहून निवडून आणलेलं. अंघोळीपुरतं सोडलं तर ते नीलमच्या हातावरून उतरत नसे.

“घड्याळ बी दान केलं?”

“मले आता नाही लागत, आबा.”

देवरावांच्या हातातली शेंग तशीच राहिली. पुस्तकं. घड्याळ. ही शांतता. आणि वलगाव.

सूप बाजूला सरकवून ते नीलमकडे वळले.

“माय, मरायचा इचार येते का तुह्या मनात?”

“मामाजी!” ललिताच्या हातून डब्याचं झाकण पडलं. “काय अभद्र बोलून राहिले? आज जायची पोरगी!”

“इचारल्यानं येत नाही तो, ललिता. असला तं अगोदरचाच असते.”

“नाही,” नीलम म्हणाली. फार लवकर म्हणाली, आणि खाली पाहत.

देवरावांनी जोर केला नाही. फरशीवर पसरलेली टरफलं ते हातानं गोळा करत राहिले.

“मले आला होता,” ते म्हणाले. “तुह्याच एवढा होतो. मॅट्रिकले नापास. कबड्डीत जिंकलेला माहा पितळी गिलास होता, तो देऊन टाकला मित्राले. घरचे म्हणत, देवा किती समजदार झाला. दोन महिने कोनाले काही सांगतलं नाही. मंग एक दिवस सकाळी उठलो, तं गेलेला तो इचार. आपोआप. सर्दी जाते तसा.”

ते हुंकाराची वाट पाहत राहिले. हुंकार आला नाही.

“खोटं,” नीलम म्हणाली.

“काय खोटं?”

“आपोआप नाही जात.” तिची नजर आता आजोबांवर होती. “चार महिने झाले, आबा. रोज वाट पाह्यते मी. कुठी जाते आपोआप?”

ललिता लेकीजवळ येऊन बसली.

‘आपोआप गेला’ ही एक थाप साठ वर्षांत कोणी पकडली नव्हती. त्यांच्या बायकोनं, पार्वताबाईनंही नाही. देवरावांनी नातीचं डोकं आपल्या खांद्याशी घेतलं.

“शाबास,” ते म्हणाले. “शाबास माही वाघीण.”

“मंग कसा गेला?” तिनं खांद्यातूनच विचारलं.

“आमच्या शाळेतल्या शेषराव मास्तरले सांगतलं. ते मले अमरावतीले घेऊन गेले, डाक्टरपाशी. एक मिनिट एकट्याले सोडलं नाही त्यायनं. लय दिवस लागले, पण गेला.”

ललितानं डोळे पुसले. लेकीचा हात तिनं दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता.

“अमरावतीची गाडी किती वाजता हाये, मामाजी?”