यादीत नसलेले नाव

न्यू मेक्सिको प्रदेशाचे प्रतिनिधी अनसेल्मो त्रुहियो सोळा वर्षे वॉशिंग्टनच्या सभागृहात बसत होते. बसायला खुर्ची होती, बोलायला मुभा होती, मत मात्र नव्हते. प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळेपर्यंत मिळणारही नव्हते. पाट मांडायचा आणि ताट वाढायचे नाही, त्यातलाच प्रकार!

मतदानाला म्हातारा कारकून गिडियन नावे पुकारी. टॉलिव्हर झाले की थेट टफ्नेल. इंग्रजी वर्णक्रमाने मधे त्रुहियो यायला हवे, पण ते नाव यादीतच नव्हते. अनसेल्मोंना हे दर वेळी झोंबे. म्हणून त्यांनी एक खोड लावून घेतली होती. टॉलिव्हरनंतर गिडियन दम घ्यायला थांबला की तेवढ्यात ते स्वतःशीच पुटपुटत, "होय" नाहीतर "नाही". निदान देवाच्या वहीत तरी नोंद होवो.

आज न्यू मेक्सिकोला राज्याचा दर्जा देण्याचे विधेयक मतदानाला आले होते. वरचे सभागृह आधीच राजी झाले होते. अधिवेशनाचा शेवटचा दिवस. आज बारगळले तर पुन्हा पहिल्यापासून सगळे. वर सज्जात त्यांची बायको कासिमिरा जपमाळ ओढत होती.

"टॉलिव्हर!"

"नाही!"

सभागृह चिडीचूप. आणि अनसेल्मोंच्या तोंडून पुटपुटण्याऐवजी खणखणीत निघाले, "होय!"

विधेयकाचे हाडवैरी प्रेस्कॉट ताडकन उठले. "अध्यक्ष महाराज, ज्याला मतच नाही त्यानं मत दिलं! सगळं मतदान नासलं. रद्द करा!"

"आधी नावं संपू द्या, मग बघतो," अध्यक्ष म्हणाले.

नावे संपली. दोन मतांनी विधेयक तरले, पण कोणी टाळी वाजवेना. अनसेल्मोंचे धाबे दणाणले होते. हातातोंडाशी आलेला घास आपणच सांडला, आता गावी कोणत्या तोंडाने जायचे?

"गिडियन, त्रुहियोंचं मत कुठं धरलंस?" अध्यक्षांनी विचारले.

"धरणार कुठं, महाराज? पुकारलेल्या नावापुढंच मी खूण करतो. यांचं नाव यादीतच नाही, मग पुकारू कसं?"

"अरे, आम्ही सगळ्यांनी ऐकलं की!" प्रेस्कॉट ओरडले.

"ऐकलं असेल, साहेब. तुम्ही खाकरता तेही ऐकू येतं. ते काय मी लिहून घेतो?"

हशा पिकला. अध्यक्षांनी हातोडा आपटला. विधेयक मंजूर झाले. अनसेल्मोंचा जीव भांड्यात पडला. सोळा वर्षे जे नसणे सलत होते, त्याच नसण्याने आज अब्रू राखली.

बाहेर पायऱ्यांवर कासिमिरा तणतणतच आली. "अहो, सोळा वर्षं घरात कण्हत होतात, माझा आवाज कुणी ऐकत नाही म्हणून. आजच कंठ फुटायचा होता?"

"चुकलं गं बाई!" डोळे पुसता पुसता अनसेल्मो हसत होते.

तेवढ्यात यादी काखेत मारून गिडियन बाहेर आला. "साहेब, पुढच्या खेपेला निवडून या. तुमचं नाव पुकारायचंय मला."

"तुझ्या यादीनं वाचवलं बघ, गिडियन. नाहीतर ही पुटपुटायची खोड आज गळ्याशी आली होती."

"ती खोड मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला. "टॉलिव्हरनंतर मी थांबतो, ते काय दम लागतो म्हणून?"

अनसेल्मोंनी म्हाताऱ्याचे दोन्ही हात घट्ट धरले.