माझ्या फटींतून पडलेले

मी एक जुना माचा आहे, पण माझ्यावर कोणी झोपत नाही. कमरेइतके उंच पाय आणि वर बोटभर अंतर सोडून ठोकलेल्या गुळगुळीत पट्ट्या, एवढाच माझा देह. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, "सुताराला फळ्या कमी पडल्या का?" मित्रांनो, फळ्या कमी पडल्या नाहीत. माझे अर्धे काम त्या फटीच करतात.

मेंढ्यांच्या गोठ्यालगतच्या खोलीत मला उभे केले, त्या दिवशीच मी थक्क झालो. घरधनी आबांनी एक मेंढी कातरली आणि तिच्या सबंध अंगाची लोकर अंगरखा उतरवावा तशी एकसंध उतरली. त्यांच्या सुनेने ती उचलून हवेत झटकली आणि माझ्यावर पसरली. बाहेरून मळकट दिसणारी ती लोकर आतून इतकी पांढरी होती, की खोलीत उजेड वाढला. एकेक केस माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक, आणि प्रत्येकाला मुळापासून शेंड्यापर्यंत इवल्या लाटा! काट्याकुट्यांत अंग घुसवणाऱ्या प्राण्याच्या अंगावर असे काही वाढते, याचे नवल मला अजूनही वाटते.

सून कडेची मळकी लोकर काढी, पोटाची वेगळी ठेवी, काटे वेची. आखूड तुकडे फटींतून आपोआप खाली पडत. कात्री कातडीलगत एकदाच फिरली, तर केस पूर्ण लांबीचा मिळतो. कात्री कातडीपासून थोडी वरून गेली आणि उरलेले खुंट पुन्हा कातरले, की निघतात ते हे तुकडे. ते सुतात शिरले तर गुठळ्या होतात. कातरण्यात आबांचा हात धरणारा कोणी नव्हता. दिवसभरात माझ्याखाली मूठभर तुकडेही पडत नसत.

मग एका हंगामात ढीग वाढू लागला. आबांचा हात थरथरत होता. ते सुनेला कळले, मलाही कळले. आबा हातपाय धुवायला गेले, की ती घाईघाईने माझ्याखालचे झाडून घेई. त्यांना सांगणे तिच्या जिवावर येत होते. मला तर काही लपवताच येत नाही. पण सगळेच तुकडे खाली पडत नाहीत, बरेचसे लांब केसांत अडकून पुढे जातात.

एक दिवस सूतगिरणीच्या बाई सुताची लड घेऊन आल्या.

"तुमच्या लोकरीत गुठळ्या यायला लागल्यात," त्या म्हणाल्या. "पुढचा मालही असाच आला, तर मला तुमच्याकडून घेणं बंद करावं लागेल."

"चूक माझी," सून म्हणाली. "निवडताना माझं लक्ष नव्हतं."

बाई गेल्यावर आबा माझ्याजवळ आले, कसेबसे वाकले आणि माझ्याखालचे तुकडे मुठीत घेतले.

"रोज झाडतेस हे?"

"कचराच तो, आबा."

"कचरा नाही, पोरी. माझा हात आहे तो." बराच वेळ ते तुकडे चोळत राहिले. "आधी दाखवलं असतंस, तर आज तुला मान खाली घालावी लागली नसती. उद्यापासून कात्री तू धर. निवडायला मी आहे."

दुसऱ्या दिवशी सुनेने पहिली मेंढी कातरली आणि माझ्याखाली ढीगच ढीग झाला. बिचारी मेंढी उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती. सून ओशाळून झाडूकडे धावली.

"राहू दे तिथंच," आबा हसत म्हणाले. "दिसला नाही, तर कमी कसा होईल?"

ढीग हळूहळू कमी झाला. आणि आबांची ती थरथरणारी बोटे! लोकरीत शिरली की शांत होत. डोळे मिटून ते जाडाभरडा केस बाजूला काढत, आणि मी श्वास रोखून पाहत राही.

हंगाम संपल्यावर बाई नवी लड घेऊन आल्या. आबांनी डोळे मिटले आणि धागा बोटांतून सरकवत नेला. बोटे कुठेच अडली नाहीत. त्यांनी लड सुनेच्या हातात ठेवली. तिचे डोळे भरून आले.

आबा आता नाहीत. परवा सुतार आला होता. "वर प्लायवूड ठोकून देतो, सामान ठेवायला बरं पडेल," म्हणाला. सुनेने मान हलवून नकार दिला.

मित्रांनो, माझ्या पट्ट्या झिजल्यात, एक पाय डुगडुगतो. पाय बदला, पट्ट्या बदला, पण माझ्या फटी बुजवू नका. आणि आपल्या माणसाच्या हातून काही खाली पडू लागले, तर झाडण्याआधी ते त्याला एकदा दाखवा.