कार्ड गार झालं तेव्हा

आमचा कॉम्प्युटर बाबांनी जोडलेला. घर सोडताना तेवढा ठेवून गेले. आता ते दुसऱ्या गावात राहतात, दुसऱ्या बाईबरोबर, टायरचं दुकान चालवतात आणि रविवारी दुपारी माझ्याशी ट्रकचा गेम खेळतात. त्यांचा ट्रक पुढे, माझा मागे, कानावर हेडफोन. साध्या फोनवर दोघांच्याही तोंडाला कुलूप. गेममध्ये मात्र वळण आलं, ब्रेक लागला, असं करत चार शब्द निघतात.

मला त्यांना एकच विचारायचं होतं. मी तुमच्याकडे येऊन राहू का? शाळा तर माझी कायमचीच सुटली आहे, दुकानात हाताशी माणूस लागत असणारच.

पण कॉम्प्युटरमधलं, गेमची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड विचारू देईना. घाट लागला की त्याचा पंखा मिक्सरसारखा बोंबलायचा, कोपऱ्यातला तापमानाचा आकडा नव्वदीच्या वर, आणि फट्. स्क्रीन काळी. पुन्हा चालू करेपर्यंत बाबा गेलेले. एकदा मी टेबलावर अशी मूठ हाणली की शेजारच्या शिलाई मशीनवरून आईची रिळं घरंगळली.

आई लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देते. मला वाटलं आता माझी खरडपट्टी. तर तिने स्वतःचा टेबलफॅन उचलून कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटसमोर ठेवला आणि घाम पुसत परत शिवायला बसली. त्यानंतर कार्ड आधीपेक्षा लवकर तापायला लागलं. हे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

शेवटी कार्ड काढून रिपेअरवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी स्क्रू काढले आणि आतून जाडजूड थर निघाला, रंगीबेरंगी, रजईतून काढल्यासारखा. गेम खेळतोस की गाद्या भरतोस, असं विचारून ते पोट धरून हसले. खोलीत शिवणकाम आणि वर समोरून पंखा, म्हणजे सगळा धाग्यांचा भुगा सरळ कार्डात. त्यांनी सगळं साफ केलं, चिप गार ठेवणारी, पण वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. आईला मी भुग्याचं सांगितलं नाही. फॅन तेवढा तिच्याकडे परत वळवला.

रविवारी घाट चढलो. आकडा पासष्टला जाऊन थांबला. ट्रकच्या काचेवरून पावसाचे थेंब कसे ओघळतात ते मला पहिल्यांदा नीट दिसलं.

"आज टिकलं की रे," बाबा म्हणाले. मग एका गिऱ्हाइकाने फुटलेलं टायर बदलून मागितलं ते सांगितलं. मग त्यांचं बोलणं संपलं. घाट उतरलो, पूल आला, तरी कार्ड चालूच. एवढा वेळ आम्हाला कधी मिळालाच नव्हता.

मी विचारलं. "बाबा, मी तिकडे येऊ? राहायलाच."

पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले. तो कडेला थांबला. मीही मागे थांबलो. हेडफोनमधून ऐकू आलं, त्यांच्या बाजूला एक लहान पोरगी काहीतरी मागत होती, तिला त्यांनी हळूच थांब म्हटलं.

आणि माझ्या शेजारचं शिलाई मशीनही थांबलं होतं. हेडफोन घातला की माणूस किती मोठ्याने बोलतो हे त्याला कळत नाही.

"घर लहान आहे रे," बाबा म्हणाले. "बघू पुढे." मग म्हणाले, "तुझं कार्ड तापलं नाही का अजून?"

मी आकड्याकडे बघितलं. पासष्ट.

"तापलंय," मी म्हटलं. "होईल आता बंद."

"मग राहू दे, उगाच जळेल." त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. बाय म्हणायलाही विसरले.

मी बटण दाबून धरलं. स्क्रीन काळी झाली. मान वळवायची हिंमत होईना. आई उठून आली, बाजूला उभी राहिली आणि कॅबिनेटवर तळहात टेकवला. कॅबिनेट गारच होतं. मला माहीत होतं, आणि आता तिलाही.

"हो रे," ती म्हणाली. "फारच तापलंय."